पहिली बरी की दुसरी?

चष्म्याचा नंबर काढताना आम्ही गिऱ्हाइकाला एकच प्रश्न दिवसभर विचारत असतो : पहिली बरी की दुसरी? ट्रायल फ्रेममध्ये एक काच ठेवायची, ती काढून दुसरी ठेवायची आणि समोरच्या पाटीवरची अक्षरे कोणत्या काचेने अधिक स्वच्छ दिसली ते विचारायचे, असा हा प्रकार असतो. मात्र मधूनच मी एक लबाडी करते. काच बाहेर काढते, पेटीत हात घालून चाचपडल्यासारखे करते आणि तीच काच पुन्हा जागेवर ठेवते. पुष्कळ माणसे क्षणभर विचार करून ठामपणे सांगतात, "दुसरी बरी." ही युक्ती मला अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवली. उत्तर देणारा खोटे बोलत नसतो, हेही त्यांनीच सांगितले होते. आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी बदलते आहे, एवढ्या भावनेनेच माणसाला अक्षरे खरोखर थोडी उजळ दिसू लागतात.

ही गोष्ट आज लिहिण्याचे कारण असे की, गेल्या वर्ष-दीड वर्षापासून करी रोडजवळच्या आमच्या छोट्या दुकानात "ताण कमी करणारा चष्मा आहे का?" असे विचारणारी माणसे येऊ लागली आहेत. अप्पांनी हे दुकान १९७४ साली सुरू केले, तेव्हा गिऱ्हाईक होते आसपासच्या गिरण्यांतले कामगार. धाग्याकडे पाहून पाहून डोळे शिणलेली ती माणसे चाळिशी लागली की मुकाट्याने येऊन बसत. १९८२ च्या संपानंतर ते गिऱ्हाईक हळूहळू पांगले आणि आता त्याच गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींमधून तरुण मुले-मुली येतात. त्यांच्या हातात मोबाईल असतो, मोबाईलवर एखादी जाहिरात असते आणि जाहिरातीत डोळ्यांवर काळ्या गॉगलसारखे काहीतरी लावून कोणीतरी हसत पहुडलेले असते. एका मुलीने मला अगदी सरळ विचारले, "मॅडम, हा घातला तर मला ट्रेनमध्ये घाबरल्यासारखं व्हायचं थांबेल का?" मी तिला तेव्हा उत्तर देऊ शकले नाही, कारण मला ते माहीत नव्हते, आणि दुसरे कारण असे की, तिचा प्रश्न माझाही होता.

चार वर्षांपूर्वी मुलुंडहून येणाऱ्या सकाळच्या धीम्या लोकलमध्ये, कुर्ला आणि शीव या स्थानकांच्या मध्ये, मला पहिल्यांदा पॅनिक अटॅक आला. त्या वेळी तो हृदयविकाराचा झटका आहे अशीच माझी खात्री झाली होती. हातांना मुंग्या आल्या, श्वास वरच्यावर अडकला आणि डब्यातल्या बायकांचे आवाज दूर कोठूनतरी येत असल्यासारखे वाटू लागले. एका अनोळखी बाईने मला खिडकीशी बसवले आणि दादर येईपर्यंत माझा हात सोडला नाही. कार्डिओग्राम स्वच्छ निघाला. पुढे काही महिने मी मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने औषध घेतले, समुपदेशनाला गेले आणि विचारांची साखळी कोठे तुटते ते वहीत लिहायला शिकले. आज मी बरी आहे, पण गाडी दोन स्थानकांच्या मध्ये थांबली की अजून माझा हात आपोआप नाडीकडे जातो. तेव्हा डोळ्यांवर काहीतरी लावून मन शांत होते, असे कोणी म्हणाले तर मी त्याला हसणार नाही आणि लगेच मान डोलवणारही नाही.

प्रथम हे सांगायला हवे की, 'ताणाचा चष्मा' या एका नावाखाली बाजारात ज्या वस्तू येतात त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. काहींत डोळ्यांसमोर दिवे लुकलुकतात, काही डोळ्यांत भरपूर प्रकाश सोडतात, काही उलट प्रकाशाचा एक भाग अडवतात आणि काही डोळ्यांभोवतीचा भाग चेपतात व शेकतात. दूरच्या आणि जवळच्या नंबराची काच एकच समजणे जितके चुकीचे, तितकेच या सगळ्यांना एका मापाने मोजणेही चुकीचे आहे.

लुकलुकणाऱ्या दिव्यांचा चष्मा मी स्वतः वापरून पाहिला. आमच्याकडे फ्रेम पुरवणारा एक एजंट नमुन्यादाखल एक नग ठेवून गेला होता. दिसायला तो पोहण्याच्या गॉगलचा थोरला भाऊ. आतल्या बाजूला बारीक एलईडी, कानाशी हेडफोन आणि एक बटण. डोळे मिटून तो लावायचा. दिवे सेकंदाला आठ ते बारा वेळा उघडझाप करतात आणि पापणीतून गाळून आलेला लालसर उजेड आत पोहोचतो. काही मिनिटांत मिटल्या डोळ्यांपुढे जाळ्या, चक्रे आणि रांगोळीतल्या ठिपक्यांसारख्या आकृत्या दिसू लागतात. हे दिसणे नवे नाही. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकातच सूर्याकडे तोंड करून, मिटल्या डोळ्यांपुढून बोटे हलवून अशाच आकृत्या पाहिल्या होत्या आणि कागदावर काढून ठेवल्या होत्या. आपल्या लोकलच्या खिडकीशी डोळे मिटून बसलेल्या माणसाला, खांबांच्या आणि झाडांच्या सावल्या तोंडावरून भराभर सरकताना, त्याची फुकट झलक मिळते.

या चष्म्यामागचा सिद्धांत मेंदूच्या विद्युतलहरींचा आहे. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी पहिल्यांदा नोंदवल्या आणि १९२९ साली त्या प्रसिद्ध केल्या. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला की सेकंदाला साधारण आठ ते तेरा आवर्तनांच्या लहरी उठतात आणि डोळे उघडताच त्या दबतात, हे त्यांच्या लक्षात आले. याच त्या अल्फा लहरी. पुढे १९३४ साली केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी दाखवून दिले की, डोळ्यांपुढे ठरावीक गतीने प्रकाश लुकलुकवला तर मेंदूच्या मागच्या भागातील लहरी त्या गतीला साथ देऊ लागतात. तबलजीने लय धरली की श्रोत्याची मांडीवरची बोटे जशी आपोआप चालतात, तसेच काहीसे हे आहे. इथपर्यंत सारे पक्के आहे. जाहिरात मात्र इथून पुढे एक उडी मारते. स्वस्थ माणसाच्या मेंदूत अल्फा लहरी दिसतात, म्हणून बाहेरून त्या गतीचा उजेड दिला की माणूस स्वस्थ होईल, असे ती सांगते. घामाने अंग भिजते, म्हणून अंगावर पाणी ओतले की व्यायाम झाला असे म्हणण्याइतकाच हा तर्क मला सैल वाटतो. शिवाय अल्फा लहरींसाठी दिव्यांची गरजच काय? डोळे मिटले की त्या येतात. आणि मिटल्या डोळ्यांनी मनातल्या मनात हिशेब करू लागले की त्या पुन्हा दबतात, हेही बर्गर यांच्या काळापासून ठाऊक आहे. महिनाअखेरीला मी डोळे मिटून आडवी होते आणि उधारी आठवू लागते, तेव्हा माझ्या अल्फा लहरींचे काय होत असेल ते सांगायला नको.

तरीही मी तो नमुना तीन आठवडे वापरला आणि अप्पांची युक्ती स्वतःवरच चालवली. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे. काही रात्री दिवे लुकलुकते ठेवले, काही रात्री त्याच चष्म्यात स्थिर मंद उजेड ठेवला आणि काही रात्री दिवे साफ बंद ठेवून नुसता अंधार केला. कोणत्या रात्री काय, ते माझा नवरा चिठ्ठी काढून ठरवत असे. अर्थात दिवे लागताच मला ते कळतच होते. पापण्यांना फसवता येत नाही आणि त्यामुळे ही चाचणी शास्त्राच्या कसोटीला उतरणार नाही, हे मी जाणून आहे. आधी आणि नंतर मनगटावरची नाडी मोजून वहीत लिहिली. तीनही प्रकारच्या रात्री नाडी खाली आली, आणि वहीतले प्रकार झाकून नुसत्या आकड्यांवरून कोणती रात्र कोणत्या प्रकारची होती हे ओळखायला मला सांगितले असते तर मला ते जमले नसते. मनाला विचाराल, तर पहिल्या आठवड्यात लुकलुकत्या रात्री मला सर्वांत छान वाटल्या होत्या. आकृत्यांमध्ये मन गुंतत असे आणि उद्याची काळजी करायला त्याला सवड मिळत नसे. दुसऱ्या आठवड्यात आकृत्यांचे नवल ओसरले. तिसऱ्या आठवड्यात अंधाराच्या रात्रींची मी वाट पाहू लागले होते, कारण त्या रात्री मी चक्क घोरत असे, असे घरच्यांचे म्हणणे आहे.

या तीन आठवड्यांत एक गोष्ट मला त्या यंत्राने दिली, हे मान्य करायला हवे. आमचे घर दोन खोल्यांचे आहे. त्यात घरातली बाई संध्याकाळी नुसतीच डोळे मिटून बसली तर पाच मिनिटांत कोणीतरी विचारते, "डोकं दुखतंय का?" आणि सहाव्या मिनिटाला कोणालातरी चहा हवा असतो. डोळ्यांवर वायर असलेले यंत्र लावून बसले की मात्र सगळे चोरपावलांनी वावरतात. सासूबाईंनी तर टीव्हीचा आवाजही कमी केला. "तिचं मशीन चालू आहे," असे त्या शेजारणीला दारातच सांगत होत्या. त्या मशीनचे दिवे त्या रात्री बंद होते.

या प्रकाराचा धोका मात्र विनोदाने घेण्यासारखा नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील मुलांच्या एका कार्यक्रमात तांबडा आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून पालटून चमकला आणि जवळजवळ ७०० जणांना, त्यांतही बहुतांश मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. अपस्मार, म्हणजे ज्याला आपण फिट किंवा आकडी म्हणतो, तो असलेल्यांपैकी शंभरात साधारण तिघांना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. सर्वांत घातक गती सेकंदाला पंधरा ते पंचवीस चमकांच्या आसपास असते, आणि ही प्रवृत्ती लहान व किशोरवयीन मुलांत, विशेषतः मुलींमध्ये, अधिक आढळते. काहींना आपल्याला असा त्रास आहे हे पहिला झटका येईपर्यंत माहीतच नसते. रुग्णालयात ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, काढताना डोळ्यांपुढे मुद्दाम असा प्रकाश चमकवतात, तो हेच तपासण्यासाठी. पण तेथे शेजारी प्रशिक्षित माणूस उभा असतो. माझ्याकडे आलेल्या नमुन्याच्या खोक्यावर ही सूचना होती खरी, पण ती इतक्या बारीक अक्षरांत होती की ती वाचायला आधी चाळिशीचा चष्मा लागावा.

भरपूर प्रकाश सोडणाऱ्या चष्म्यांची कथा निराळी आहे. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात दरवर्षी येणाऱ्या उदासीनतेचे वर्णन केले आणि तेजस्वी प्रकाशाने ती कमी होते असे मांडले. त्यासाठी पुढे १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) दिव्यापुढे रोज सकाळी अर्धा तास बसण्याची पद्धत रूढ झाली. कपाळाजवळून डोळ्यांत प्रकाश सोडणारे चष्मे ही त्याच दिव्याची खिशात मावणारी आवृत्ती होय. ऑस्लोमध्ये डिसेंबरात दिवस सहा तासांचाही नसतो, तेथे याचे मोल मी समजू शकते. मुंबईचा सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा असतो, भर दुपारी उघड्यावर एक लाख लक्सहून अधिक प्रकाश असतो आणि आषाढातल्या भरल्या आभाळाखालीही काही हजार लक्स सहज मिळतात. त्याउलट कचेरीत टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स. म्हणून असा चष्मा मागणाऱ्या एका गृहस्थांना मी सकाळी शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारण्याचा सल्ला दिला. ते रागावले, कारण त्यांना पैसे खर्च करायचे होते. रात्रपाळी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. पण त्यांनीही डॉक्टरांना विचारूनच या वाटेला जावे, कारण ज्यांच्या मनःस्थितीला उन्मादाचे आणि नैराश्याचे झोके येतात त्यांच्यात तीव्र प्रकाशाने उन्माद उसळू शकतो.

आता माझ्या स्वतःच्या गल्ल्याचा प्रश्न येतो, तो म्हणजे ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांचा. आपल्या दृष्टिपटलात, ज्यांच्यामुळे दिसते त्या पेशींशिवाय, मेलानॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात. त्यांचे काम बाहेर दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवण्याचे. २००२ साली डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात हे दाखवले. त्यांना सर्वाधिक चेतवतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश. तेव्हा संध्याकाळनंतर हा प्रकाश अडवला तर शरीराला रात्र झाल्याचे कळेल, ही कल्पना निराधार नाही. नॉर्वेमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, उन्मादावस्थेत रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या वेळेत सात दिवस नारिंगी चष्मे दिले गेले, इतरांना साध्या काचेचे दिले गेले, आणि नारिंगी चष्म्यांच्या गटातील उन्माद अधिक उतरला. रुग्ण थोडे होते आणि आजार निराळा होता, हे विसरता येत नाही; तरी या सबंध विषयात मला मनापासून रस वाटला तो या चाचणीत.

मात्र तो चष्मा गडद नारिंगी होता. आमच्या दुकानात, आणि जवळजवळ प्रत्येक दुकानात, ब्लू कट म्हणून जी जवळपास पारदर्शक काच दिली जाते ती निळ्या प्रकाशाचा साधारण दहा ते पंचवीस टक्के भागच अडवते, आणि तोही प्रामुख्याने जांभळ्याकडच्या टोकाचा. २०२३ साली वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेने १७ चाचण्यांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात अशा काचांनी संगणकापुढे काम करताना डोळ्यांवरचा ताण अल्पावधीत कमी होत असल्याचे आढळले नाही आणि झोपेबाबत ठाम काही सांगता आले नाही. मी वर्षानुवर्षे "कॉम्प्युटरवर बसता ना, मग ब्लू कट घ्या," असे सांगत आले. त्या काचेत दुकानदाराला बरे सुटते. सवयीने बोलत होते, असे म्हणून मला सुटका करून घेता येणार नाही. आता गिऱ्हाइकाने मागितली तर देते, स्वतःहून सुचवत नाही, आणि त्यामुळे महिन्याच्या हिशेबात जी खोट दिसते तिच्याबद्दल नवऱ्याशी एकदा वादही झाला आहे.

डोळ्यांचे मसाजर हा प्रकार सध्या सर्वांत जास्त भेटीदाखल दिला जातो. त्यात हवेच्या पिशव्या फुगतात, कड गरम होते, थरथर होते आणि पाखरांचे आवाज ऐकू येतात. शेकाचा उपयोग आहे. पापण्यांच्या कडेच्या तैलग्रंथी तुंबल्यामुळे डोळे कोरडे पडत असतील तर सुमारे चाळीस अंश सेल्सिअसचा शेक आम्ही स्वतः सुचवतो, आणि त्यासाठी गरम पाण्यात पिळलेला रुमालही चालतो. दाबाचे मात्र मला भय वाटते. डोळ्याच्या गोळ्यावर दाब दिला की नाडी मंद होते, हे आश्नर आणि दाग्निनी यांनी १९०८ सालीच नोंदवले आहे. संदेश चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूतून मेंदूच्या बुंध्यात जातो आणि तेथून व्हेगस मज्जातंतूमार्गे हृदयाला लगाम बसतो. तिरळेपणाची शस्त्रक्रिया करताना भूलतज्ज्ञ याच गोष्टीवर डोळा ठेवून असतात. म्हणजे दाबाने येणाऱ्या शांततेला शरीरात एक खरा मार्ग आहे, पण तो वापरण्याजोगा मार्ग नाही. काचबिंदू असलेल्याने, मोतीबिंदूची किंवा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्याने, मोठा उणे नंबर असल्यामुळे पडदा नाजूक झालेल्याने डोळ्यांवर दाब घेऊ नये.

लालबागच्या एका मावशींना मुलाने दिवाळीला असे यंत्र पाठवले होते. त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. "मुलाने इतक्या मायेने पाठवलंय, लावलं नाही तर त्याला वाईट वाटेल," असे त्या म्हणाल्या. मी मावशींना सांगितले की, गुडघ्याला लावा. त्या लावतात, आणि गुडघ्याला आराम पडतो असे त्यांचे म्हणणे आहे.

अर्ध्या झाकलेल्या काचांचाही एक प्रकार आहे. बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक शिफर यांनी १९९० च्या दशकात असे मांडले की, फक्त डावीकडचे किंवा फक्त उजवीकडचे दृश्य पाहू दिले तर काही रुग्णांची चिंता वाढते वा कमी होते. दृष्टीच्या डाव्या अर्ध्या क्षेत्राचा संदेश मेंदूच्या उजव्या भागात आणि उजव्याचा डाव्या भागात जातो, ही शरीररचना खरी आहे. मी एका जुन्या फ्रेमला काळी चिकटपट्टी लावून तसा चष्मा बनवला. मला त्याने काही झाले नाही. आमच्याकडे फिटिंग करणाऱ्या काकांना तो लावल्यावर हसू आवरेना, हा फायदा धरायचा की नाही ते मला ठरवता आलेले नाही.

प्रखर दिव्यांखाली, बाजारात किंवा मॉलमध्ये गेल्यावर ज्यांना अर्धशिशी उठते आणि तिच्यासोबत घाबरल्यासारखे होते, त्यांच्यासाठी एफएल-४१ नावाची गुलाबी छटा आहे. १९९१ साली बर्मिंगहॅममध्ये अर्धशिशी असलेल्या मुलांवर तिचा प्रयोग झाला आणि झटक्यांची संख्या घटली. ती अर्धशिशीची काच आहे, चिंतेची नव्हे, हे गिऱ्हाइकाला दोनदा सांगावे लागते.

आणि ज्या गोष्टीचा जाहिरातीत कधीच उल्लेख नसतो ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ताणाचा चष्मा मागायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी खुर्चीत बसवते. त्यांतल्या बऱ्याच जणांचा नंबर चुकलेला असतो. एका बँकेतल्या अधिकाऱ्यांचे वय त्रेचाळीस, चाळिशी लावायला त्यांची तयारी नव्हती आणि सहा महिने ते कागद लांब धरून, मान मागे टाकून काम करत होते. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकत असे, चिडचिड होत असे आणि ते त्याला टेन्शन म्हणत होते. ऑनलाइन मागवलेल्या एका चष्म्यात काचांचे केंद्र बाहुल्यांच्या अंतराशी जुळतच नव्हते. ज्याला आम्ही पीडी म्हणतो ते मापच चुकले होते. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझापही निम्म्याहून कमी होते. यातले काही चिंतेचा आजार नव्हे. पण ज्याचे मन आधीच काठावर आहे, त्याला हा दिवसभराचा शीण काठावरून ढकलायला पुरतो.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर या खोक्यांवरची भाषा मोठी सावध असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली, कमी जोखमीच्या आणि केवळ सर्वसाधारण स्वास्थ्याचा दावा करणाऱ्या वस्तूंकडे वैद्यकीय उपकरण म्हणून पाहणार नाही असे धोरण जाहीर केले. 'मन निवांत होण्यास मदत' असे म्हणता येते, 'चिंताविकार बरा करतो' असे म्हणता येत नाही. आपल्याकडेही वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून त्यांची व्याप्ती पुष्कळ वाढली आहे. निर्माता पहिले वाक्य छापतो, दुकानदार बोलताना त्याचे दुसरे वाक्य करतो आणि गिऱ्हाईक घरी जाईपर्यंत त्याचे तिसरेच झालेले असते.

लोकलमध्ये घाबरणारी ती मुलगी मागच्या महिन्यात पुन्हा आली. तोवर माझी वही पूर्ण झाली होती, म्हणून मी तिला जे मला ठाऊक होते ते सांगितले. पॅनिक अटॅकवर विचार आणि वर्तन यांवर काम करणारे समुपदेशन आहे, औषधे आहेत, मानसिक आरोग्यासाठी टेली मानसचा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. तो मी आमच्या काउंटरवर, काचा पुसण्याच्या फडक्यांच्या डब्यावर चिकटवला आहे. गाडीत डोळ्यांवर काही बांधून बसण्याचा सल्ला मी तिला दिला नाही, कारण गर्दीत डोळे झाकले की माझी तरी भीती वाढते. मिनिटाला सहा श्वास, सोडताना अधिक लांब, हे मात्र दाराशी उभे राहूनही जमते. नंतर तिचा नंबर तपासला. मी काच काढली, तीच पुन्हा घातली आणि विचारले, "पहिली बरी की दुसरी?" तिने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही बदललीच नाही."

एजंट शनिवारी नमुना न्यायला आला. लुकलुकत्या चष्म्याचे सहा नग घ्या, तुम्हांला सवलत देतो, म्हणून त्याने पुष्कळ गळ घातली. मी ते घेतले नाहीत. गडद नारिंगी काचेचे चारच घेतले, रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्यांपैकी कोणाला वापरून पाहायचे असतील तर. त्याने बिलावर 'अँटी-स्ट्रेस' असे लिहिले होते. मी ते खोडायला लावले. मग काय लिहू, असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून लिहिले : नारिंगी काच, बिननंबरी, रात्रीसाठी, नग चार.